टेस्टोस्टेरॉन, स्नायूपेशी आणि वाढलेली केंद्रके

स्नायू वाढवणारे संप्रेरक म्हटले की पहिले नाव येते टेस्टोस्टेरॉनचे. पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायूपेशींवर तेच टेस्टोस्टेरॉन टाकले, तर पुष्कळदा डोळ्यांना दिसण्यासारखे काहीच घडत नाही. शेजारच्या डिशमध्ये इन्सुलिन किंवा त्याच्याच कुळातले आयजीएफ-१ टाकले, तर काही दिवसांत तंतू जाड झालेले सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. शरीरात इतके प्रभावी असलेले संप्रेरक डिशमध्ये असे गप्प का बसते? हे कोडे सोडवता सोडवता पेशीशास्त्राला स्नायू मुळात वाढतो कसा, हे बरेच उमगले आहे. म्हणून ते सविस्तर सांगण्यासारखे आहे.

आधी डिशमधला स्नायू कुठून आला ते पाहू. १९६१ मध्ये अलेक्झांडर माउरो बेडकाच्या स्नायूंचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. स्नायूच्या लांबलचक तंतूला चिकटून, त्याच्या बाहेरच्या आवरणाखाली, त्यांना एक चिमुकली पेशी दबून बसलेली दिसली. तिला त्यांनी सॅटेलाइट पेशी असे नाव दिले. एरवी ही पेशी निजलेली असते. स्नायूला इजा झाली की ती जागी होते, तिच्या अनेक पेशी होतात आणि त्या जुन्या तंतूत मिसळून जातात किंवा एकमेकींना जुळून नवा तंतू घडवतात. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत डेव्हिड याफे आणि ओरा सॅक्सेल यांनी १९७७ मध्ये याच गुणाचा उपयोग करून घेतला. त्यांनी उंदराच्या मांडीच्या स्नायूला मुद्दाम इजा केली, जाग्या झालेल्या पेशी काढून घेतल्या आणि डिशमध्ये वाढवल्या. त्या पेशींच्या वंशातून पुढे स्टॅनफर्डला हेलन ब्लाउ यांच्या प्रयोगशाळेत एक उपशाखा निवडली गेली, ती सी२सी१२. आज स्नायूंवर काम करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत ही पेशी असते. आपल्याकडेही पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेच्या पेशीभांडारातून ती देशभरच्या संशोधकांना पाठवली जाते. मधुमेहाच्या अभ्यासात ज्यांचे नाव वारंवार येते, त्या उंदराच्या एल६ पेशीही याफे यांच्याच. त्या आणखी आधीच्या, १९६८ च्या.

या पेशींचे वागणे पाहण्यासारखे असते. सदतीस अंश सेल्सियस तापमान, हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड आणि दहा ते वीस टक्के गर्भवासराचे सीरम मिसळलेले गुलाबी माध्यम मिळाले, की त्या भराभर विभागत राहतात. डिश भरत आली की संशोधक माध्यम बदलतो आणि फक्त दोन टक्के घोड्याचे सीरम देतो. खुराक तुटला की विभाजन थांबते. पेशी लांबट होतात, एका दिशेने ओळीने लागतात, त्यांची आवरणे जुळून एक होतात आणि चार-सहा दिवसांत डिशभर लांब नळ्या दिसू लागतात. एकेका नळीत डझनावारी केंद्रके असतात. नीट तयार झालेल्या काही नळ्या आपणहून थरथरतातही. मेंदू नाही, मज्जातंतू नाही, हाड नाही, तरीही काचेच्या तळाशी स्नायू आकुंचन पावतो आहे, हे दृश्य पाहून जुना संशोधकही थबकतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. डिशमध्ये ‘स्नायू वाढला’ याचे तीन वेगळे अर्थ होतात. सुट्या पेशींची संख्या वाढणे हा एक अर्थ. त्या पेशी जुळून अधिक नळ्या होणे हा दुसरा. आधीच तयार असलेली नळी जाड होणे, म्हणजे तिच्यातली प्रथिने वाढणे, हा तिसरा. पहिल्या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकत नाहीत: विभागत असलेली पेशी जुळत नाही, आणि जुळलेली पेशी पुन्हा विभागत नाही. एखादे द्रव्य विभाजनाला जोर देते तेव्हा त्या काळापुरते ते नळ्या होणे लांबवते. म्हणून ‘अमुक संप्रेरकाने स्नायूपेशी वाढल्या’ असे वाक्य वाचले, की यातली कोणती वाढ, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

इन्सुलिन आणि आयजीएफ-१ यांचे वैशिष्ट्य असे, की ती तिन्ही वाढींना हात घालतात. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठातले जेम्स फ्लोरिनी यांनी आयुष्याचा मोठा भाग या विचित्र गोष्टीवर घालवला. एकच संप्रेरक पेशीला ‘विभाग’ही सांगते आणि ‘जुळ’ही सांगते, हे कसे? उत्तर वेळेच्या क्रमात सापडले. आयजीएफ-१ मिळाल्यावर पेशी आधी काही काळ विभागतात आणि मग त्याच संप्रेरकाच्या सान्निध्यात जुळण्याकडे वळतात, असे १९९६ मध्ये दाखवले गेले. तिसऱ्या प्रकारच्या वाढीचा पुरावा त्याआधीच, १९९१ मध्ये, हर्मन व्हँडनबर्ग यांनी पक्ष्यांच्या स्नायूतंतूंवर दिला होता: तयार तंतूंना इन्सुलिन किंवा आयजीएफ-१ दिले की ते ठळकपणे जाड होतात. वाढ संप्रेरक म्हणून ओळखले जाणारे ग्रोथ हॉर्मोनसुद्धा स्नायूवर मुख्यतः आयजीएफ-१ च्या मार्फतच काम करते. डिशमधल्या स्नायूपेशींवर ते एकटे टाकले तर परिणाम फारसा दिसत नाही.

नळी जाड होते म्हणजे आत नेमके काय होते, हे शोधायला एका औषधाने फार मदत केली. १९६४ मध्ये कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली होती. तिथले लोक या बेटाला रापा नुई म्हणतात. तिथल्या मातीच्या नमुन्यातल्या जिवाणूपासून माँट्रियलच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने एक द्रव्य वेगळे केले आणि बेटाच्या नावावरून त्याला रॅपामायसिन म्हटले. पुढे कंपनीने त्यावरचे काम बंद केले, प्रयोगशाळा दुसरीकडे हलली, तेव्हा सेहगल यांनी ते द्रव्य घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवले. ते जपले नसते तर स्नायूच्या वाढीचे हे सूत्र हाती यायला किती काळ लागला असता, कोण जाणे. कारण रॅपामायसिन पेशीतल्या ज्या प्रथिनाला अडवते, ते पेशीच्या वाढीची मुख्य कळ निघाले. त्याचे नाव एमटॉर. पेशीकडे अमिनो आम्ले आहेत का, ऊर्जा आहे का, संप्रेरकाचा सांगावा आला आहे का, हे सगळे जमेस धरून नवी प्रथिने घडवण्याचा वेग एमटॉर ठरवते.

२००१ मध्ये एकाच नियतकालिकात आलेल्या दोन शोधनिबंधांनी ही साखळी स्नायूत जोडून दाखवली. आयजीएफ-१ पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटते, त्यातून आत एकेटी नावाचे प्रथिन जागे होते, ते एमटॉरला चालना देते आणि रायबोसोमवर प्रथिनांची जुळणी वेगाने होऊ लागते. सी२सी१२ च्या नळ्यांना आयजीएफ-१ सोबत रॅपामायसिन दिले, तर जाडी वाढतच नाही. काही वर्षांत साखळीची दुसरी बाजूही उलगडली. जागे झालेले एकेटी फॉक्सओ नावाच्या प्रथिनांना केंद्रकाबाहेर काढते, त्यामुळे जुनी प्रथिने मोडण्यासाठी लागणारी ॲट्रोजिन-१ सारखी जनुके थंडावतात. म्हणजे नवे घडणे वाढते आणि जुने मोडणे कमी होते. नेमके उलटे पाहायचे असेल तर नळ्यांना डेक्सामेथासोन द्यावे. दम्यापासून संधिवातापर्यंत वापरले जाणारे हे स्टेरॉइड स्नायू झिजवते, आणि डिशमध्ये एक-दोन दिवसांत नळ्या रोडावतात. टेस्टोस्टेरॉन आणि डेक्सामेथासोन दोन्ही स्टेरॉइडच, पण एकाने स्नायू वाढतो आणि दुसऱ्याने झिजतो.

आता टेस्टोस्टेरॉन. ते १९३५ मध्ये ॲमस्टरडॅमला एर्न्स्ट लाकूर यांच्या गटाने बैलाच्या वृषणांतून वेगळे केले आणि त्याच वर्षी बुटेनान्ट आणि रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत घडवले. त्याच सुमारास चार्ल्स कोचाकियन यांनी खच्ची केलेल्या कुत्र्यांना पुरुष-संप्रेरक देऊन त्यांच्या मूत्रातला नायट्रोजन मोजला. तो कमी झाला होता. प्रथिनांतला नायट्रोजन बाहेर टाकण्याऐवजी शरीर तो राखून ठेवत होते. ‘अ‍ॅनाबॉलिक’ या कल्पनेचा पहिला मोजता येणारा पुरावा तो हाच. माणसांबद्दलची शंका मात्र बरीच उशिरा फिटली. १९९६ मध्ये शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांनी ४३ निरोगी पुरुषांचे चार गट केले. काहींना दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट दहा आठवडे दिले, काहींना नुसते रिकामे इंजेक्शन. दोन्हींतल्या निम्म्यांनी वजने उचलली. चरबी वगळून उरलेले वजन नुसत्या व्यायामाने सरासरी १.९ किलो वाढले, व्यायामाशिवाय नुसत्या टेस्टोस्टेरॉनने ३.२ किलो आणि दोन्हींनी मिळून ६.१ किलो. शरीरातला परिणाम यानंतर नाकारता येत नव्हता.

मग डिशमध्ये काय होते? १९७५ मध्ये पॉवर्स आणि फ्लोरिनी यांनी टेस्टोस्टेरॉनने स्नायूपेशींच्या विभाजनाला चालना मिळते, असे दाखवले. पण परिणाम लहान होता. पुढे काही प्रयोगशाळांना तो मिळाला, काहींना मिळाला नाही. हा गोंधळ कोणाच्या हलगर्जीपणाचा नव्हता. त्याची कारणे एकेक करून कळत गेली, आणि ती मला निकालांइतकीच मोलाची वाटतात.

टेस्टोस्टेरॉनचा ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर नसतो. हे संप्रेरक मेदात विरघळणारे असल्याने सरळ आत शिरते, पेशीद्रव्यात वाट पाहत असलेल्या ग्राहीला भेटते, दोघे मिळून केंद्रकात जातात आणि काही जनुके चालू किंवा बंद करतात. आता सी२सी१२ पेशींत हा ग्राही फारच थोडा असतो. ग्राहीच नाही तर संप्रेरक कितीही ओता, उपयोग काय? म्हणून अनेक संशोधक आधी या पेशींत ग्राहीचे जनुक बाहेरून घालतात आणि मग प्रयोग करतात. तसे केल्यावर टेस्टोस्टेरॉनने ॲट्रोजिन-१ चे जनुक दाबले गेल्याचे २००८ मध्ये दिसले. निकाल खरा आहे. फक्त ती पेशी आता उंदराच्या मांडीतली मूळ पेशी राहिलेली नाही, हे वाचताना लक्षात ठेवावे लागते.

दुसरी अडचण त्या गुलाबी माध्यमात आहे. गर्भवासराच्या सीरममध्ये स्टेरॉइड संप्रेरके आधीच असतात. ज्या डिशला आपण ‘संप्रेरक न दिलेली’ म्हणतो तिलाही ते मिळालेलेच असते. त्यामुळे काळजीपूर्वक काम करणारे संशोधक कोळशाच्या भुकटीने सीरम गाळून ती संप्रेरके काढून टाकतात. इतकेच नव्हे, माध्यमाला गुलाबी रंग देणारे फिनॉल रेड हे आम्लतादर्शक स्वतःच सौम्य इस्ट्रोजेनसारखे वागते, हे १९८६ मध्ये उघड झाले. रंग म्हणून वर्षानुवर्षे घातलेली गोष्ट प्रयोगात संप्रेरकासारखी ढवळाढवळ करत होती! तेव्हापासून अशा प्रयोगांना बिनरंगी माध्यम वापरायची पद्धत पडली.

तिसरी गोष्ट मात्रेची. प्रौढ पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन साधारण १० ते ३५ नॅनोमोलर असते. त्यातले सुमारे दोन टक्केच मोकळे असते; उरलेले रक्तातल्या प्रथिनांना बांधलेले असते. डिशमध्ये मात्र १०० नॅनोमोलर किंवा त्याहून जास्त मात्रा सर्रास दिली जाते, आणि तिथे बांधून ठेवणारी प्रथिनेही थोडीच असतात. म्हणजे डिशमधल्या पेशीला जे मिळते ते निरोगी माणसाच्या पेशीला कधी मिळतच नाही. एखाद्या पावडरच्या डब्यावर ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असे छापलेले दिसले, तर मात्रा काय होती, हे विचारायला हवे.

शरीरातले स्नायूही सगळे सारखे नाहीत. नर उंदराच्या श्रोणीतला लेव्हेटर एनाय हा छोटासा स्नायू टेस्टोस्टेरॉनला इतका संवेदनशील आहे, की १९५३ पासून नव्या अ‍ॅनाबॉलिक औषधांची ताकद तोलायला त्याचेच वजन करतात. पण उंदराच्या फक्त स्नायूतंतूंतून टेस्टोस्टेरॉनचा ग्राही काढून टाकला, तर हा स्नायू खूप रोडावतो आणि पायांचे स्नायू मात्र थोडेसेच घटतात. माणसातही मान-खांद्याच्या ट्रॅपेझियस स्नायूत ग्राही असलेली केंद्रके मांडीच्या स्नायूपेक्षा जास्त सापडली आहेत. पायांच्या स्नायूंवर होणारा परिणाम बराचसा तंतूच्या बाहेरून येतो, असा याचा अर्थ. मग कुठून?

याचे एक उत्तर २००३ मध्ये भसीन यांच्याच गटातून, राजन सिंग आणि सहकाऱ्यांकडून आले. त्यांनी स्नायूपेशी घेतल्याच नाहीत. त्यांनी घेतल्या उंदराच्या अशा पेशी, ज्यांचे अजून काहीच ठरलेले नसते. त्या स्नायूही होऊ शकतात आणि चरबीही. याच पेशींवर १९८७ मध्ये हॅरल्ड वाइनट्राब यांच्या प्रयोगशाळेत मायोडी हे एकच जनुक टाकून त्यांचे स्नायूपेशींत रूपांतर करून दाखवले होते. सिंग यांनी त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले. मायोडी असलेल्या पेशी वाढल्या, स्नायूनळ्या अधिक झाल्या आणि चरबीच्या पेशी कमी. ग्राहीला अडवणारे बायकॅल्युटामाइड सोबत दिले, की परिणाम नाहीसा झाला. म्हणजे परिणाम ग्राहीमार्फतच होत होता. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत स्नायू वाढतो आणि चरबी घटते, हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होते. दोन्ही एकाच फाट्यावरून कसे होऊ शकते, ते इथे दिसले. इंद्राणी सिन्हा-हिकीम यांनी टेस्टोस्टेरॉन घेतलेल्या पुरुषांच्या मांडीतले नमुने तपासले, तेव्हा त्यांत सॅटेलाइट पेशी आणि तंतूंतली केंद्रके, दोन्ही वाढलेली होती.

केंद्रके वाढली याला इतके महत्त्व का? कारण स्नायूतंतू ही शरीरातली एक विलक्षण पेशी आहे. ती सेंटिमीटरमध्ये मोजावी इतकी लांब असते आणि तिच्यात शेकडो केंद्रके असतात. तलाठ्याकडे जशी ठरलेल्या गावांची सजा असते, तसा प्रत्येक केंद्रकाकडे भोवतालच्या पेशीद्रव्याचा ठरावीक इलाखा असतो आणि त्या इलाख्याला लागणारी प्रथिने तेच पुरवते. तंतू फार जाड व्हायचा तर नवी केंद्रके हवीत. तंतूतली केंद्रके स्वतः विभागत नाहीत, ती सॅटेलाइट पेशींनीच आणून द्यायची. आयजीएफ-१ आहे त्या केंद्रकांकडून अधिक काम करवून घेऊ शकते, म्हणून डिशमधली तयार नळी त्याला लगेच प्रतिसाद देते. टेस्टोस्टेरॉनच्या कामाचा मोठा भाग मात्र नळीबाहेरच्या, अजून न ठरलेल्या पेशींवर चालतो, आणि एकाच जातीच्या पेशी भरलेल्या डिशमध्ये त्या नसतातच. पहिल्या परिच्छेदातल्या कोड्याचे, मला पटलेले उत्तर हे आहे.

डिशमध्ये आणखीही पुष्कळ नसते. तिथे पीयूष ग्रंथी नाही, त्यामुळे बाहेरून टेस्टोस्टेरॉन आल्यावर शरीर आपले उत्पादन कसे बंद करते, वृषणे कशी आक्रसतात, शुक्रजंतू कसे घटतात, हे तिथे दिसत नाही. तिथे यकृत नाही, रक्तवाहिन्या नाहीत. आणि हृदय? त्याचे मात्र उत्तर डिशनेच दिले आहे. १९९८ मध्ये उंदराच्या नवजात पिलांच्या हृदयपेशी डिशमध्ये वाढवून त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले गेले. त्या पेशींत ग्राही होता, आणि त्या मोठ्या झाल्या. दंडासाठी घेतलेले इंजेक्शन दंडापुरते राहत नाही. आपल्या शहरांतल्या आणि तालुक्यांतल्या व्यायामशाळांत विशी-बाविशीची मुले कोणा अर्धवट जाणकाराच्या सांगण्यावरून सुई टोचून घेतात, हे ऐकले की मला भीती वाटते ती त्या हृदयपेशींमुळे. दंड जाड झालेला आरशात दिसतो, हृदयाची भिंत जाड झालेली दिसत नाही.

केंद्रकांची गोष्ट मात्र इथे संपत नाही. ऑस्लो विद्यापीठात क्रिस्तियान गुंडरसेन यांच्या गटाने २०१३ मध्ये एक साधा, पण फार विचारपूर्वक रचलेला प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या एका गटाला दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन दिले, दुसऱ्याला दिले नाही. पहिल्या गटात तंतूंतली केंद्रके ६६ टक्क्यांनी वाढली, तंतूंची जाडी ७७ टक्क्यांनी. मग औषध थांबवले. तीन आठवड्यांत जाडी उतरून जुन्यासारखी झाली. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गटांतले उंदीर सारखेच वाटले असते. पण वाढलेली केंद्रके तशीच होती. तीन महिन्यांनी, म्हणजे उंदराच्या आयुष्याचा दहावा हिस्सा उलटून गेल्यावर, दोन्ही गटांच्या स्नायूंवर जादा भार टाकला. पूर्वी टेस्टोस्टेरॉन मिळालेल्यांचे तंतू सहा दिवसांत ३१ टक्क्यांनी वाढले. ज्यांना कधीच मिळाले नव्हते, त्यांच्यात तेवढ्या दिवसांत म्हणण्यासारखी वाढ झाली नाही.

या निष्कर्षावर मतभेद आहेत. एकदा आलेली केंद्रके कायमची राहतात, हे सगळ्यांना मान्य नाही. व्यायामाने आलेली केंद्रके व्यायाम सुटल्यावर कमी होतात, असे सांगणारे प्रयोगही झाले आहेत. पण २०२३ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी पूर्वी स्टेरॉइड घेतलेल्या आणि नंतर सोडलेल्या पुरुषांच्या स्नायूंचे नमुने तपासले, तेव्हा त्यांच्या तंतूंत केंद्रकांची दाटी जास्त आढळली. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेनुसार जाणूनबुजून स्टेरॉइड घेणाऱ्या खेळाडूवर पहिल्या वेळी साधारणतः चार वर्षांची बंदी येते. ती संपवून तो मैदानात परततो, मूत्र तपासले जाते, रक्त तपासले जाते, दोन्ही निर्मळ असतात. त्याच्या मांडीच्या तंतूंत ती जादा केंद्रके उरली आहेत का, हे या दोन्ही चाचण्यांतून कळत नाही. त्यासाठी सुई घालून स्नायूचा तुकडा काढावा लागतो, त्याचे पातळ काप घेऊन रंगवावे लागतात आणि एकेक केंद्रक मोजावे लागते. तसे मोजले तरी ती व्यायामाने आलेली की इंजेक्शनने, हे केंद्रकाकडे पाहून ठरवण्याची पद्धत अजून कोणाकडे नाही.